दत्तूला न लागलेले घाव

नमस्कार. या ग्रुपवर दोन-अडीच वर्षं मी नुसता वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदा. खरं सांगू का, इथले बरेच अनुभव वाचून मला हसू येतं. चकवा, हडळ, पिंपळाखालची बाई... राग मानू नका. मी शेतकी शिकलेला माणूस. सगळी नोकरी माती, पाणी आणि दुधातलं फॅट मोजण्यात गेली. घर ख्रिस्ती, रविवारी चर्चला जातो, पण भुताखेतांना आमच्या घरात कधी जागा नव्हती. वडील शिक्षक होते, ते म्हणायचे, "दिसलं तर मला बोलव, मला त्याची हजेरी घ्यायचीय." मीही तसाच. आजही तसाच.

आणि मी जे सांगणार आहे त्यात भूत नाहीच. त्यात एक मारहाण आहे, एक मृत्यू आहे आणि माझा डावा हात आहे — जो पन्नास वर्षांनंतरही पूर्ण सरळ होत नाही.

थोडं लांबेल. मोबाईलवर एका बोटाने टाईप करतोय, चुका पोटात घाला.

सन १९७०. आपला नगर जिल्हा. आम्ही चार पोरं शेतकीचं शिक्षण संपवत आलेलो, आणि एका परदेशी संस्थेच्या मदतीने आम्हाला तीन महिन्यांसाठी डेन्मार्कला पाठवायचं ठरलं. विषय — दुग्धव्यवसाय. आज कुणाची पोरं जर्मनीला असतात, कुणाची अमेरिकेला. तेव्हा आमच्यापैकी तिघांनी मुंबईसुद्धा पाहिलेली नव्हती.

चौघांत मी एक, सुमंत भिंगारदिवे. दुसरा रज्जाक शेख, नेवाशाचा. बोलायला कमी, पण बिघडलेलं कुठलंही यंत्र त्याच्यापुढे ठेवा, तासाभरात चालू. तिसरा माधव कुलकर्णी, नगर शहरातला. हुशार, तोंडाने फटकळ, समोरच्याची चूक काढल्याशिवाय घास न उतरणारा. आणि चौथा दत्तू. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावाचा. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, त्याची भावकी अजून तिथे नांदते आहे. दत्तूचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, तो स्वतःही नववीपर्यंत दिवाळीनंतर कोयता घेऊन जायचा आणि तरी जिल्ह्यात वरचे मार्क काढायचा. अंगाने नांगराच्या बैलासारखा. बोली पक्की गावची.

डेन्मार्कमध्ये आम्हाला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या फार्मवर ठेवलं होतं. साठ तांबड्या गायी, एक सांड, आणि आम्ही चौघं एका खोलीत. सकाळी धारा, मग शेण ओढणं, मग दूध तपासायला शिकणं, दुपारी चारा कापणं. जेवायला बटाटे आणि काळा पाव. रज्जाक डुकराचं खायचा नाही, माधव कुठलंच मांस खायचा नाही, म्हणून ते दोघं टेबलाच्या एका टोकाला बसून बटाटे सोलायचे. दत्तूच्या आईने पत्र्याचा डबा भरून कांद्या-लसणाची चटणी दिली होती. ती पहिल्या पंधरा दिवसांत संपली आणि त्या दिवशी आम्ही चौघं खरोखर रडवेले झालो होतो.

माधव आणि दत्तूचं पहिल्या दिवसापासून बिनसलं. माधवला सवय — दत्तूने तोंड उघडलं की सुधारायचं. "हाय नाही, आहे. न्हाई नाही, नाही." तिसऱ्या आठवड्यात गोठ्यात, हातात दुधाची बादली असताना, दत्तूने त्याला एकच ठोसा घातला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. माधव खाली पडला नाही. तसाच रक्ताळलेल्या तोंडाने दत्तूवर धावून गेला आणि दोघं शेणात लोळत एकमेकांना इतकं मारत होते की रज्जाकला नि मला त्यांना सोडवता येईना. माधवचं रक्त उघड्या कॅनमध्ये पडलं. चाळीस लिटर दूध ओतून द्यावं लागलं. म्हाताऱ्याने आरडाओरडा केला नाही. दोघांना आठवडाभर एकाच गटारावर कामाला लावलं, फावडं मात्र एकच दिलं.

त्यानंतर ऑक्टोबरात सांडाचा प्रकार झाला.

सांड सुटला तेव्हा दत्तू गुरांच्या वाड्याच्या आत होता, बाकी आम्ही कुंपणाबाहेर. हजार किलोचं जनावर. त्याने दत्तूला भिंतीशी दाबलं आणि डोक्याने रेटायला लागला. दत्तूच्या तोंडातून हवा गेल्यासारखा आवाज येत होता, शब्द नाही. आम्ही तिघांनी आत कधी उड्या मारल्या ते मला आठवत नाही. रज्जाकने शेण उपसायच्या लोखंडी काट्याने त्याच्या मांडीत भोसकलं. मी शेपूट पिरगाळत होतो, लाथ बसून लांब फेकला गेलो. आणि माधव — हा बटाटे खाणारा, किडकिडीत अंगाचा माणूस — त्याने सांडाच्या नाकातल्या कडीत बोटं घातली आणि लटकला. सांडाने त्याला चिंध्यांच्या बाहुलीसारखा हिसडला, पण त्याने कडी सोडली नाही. तेवढ्यात म्हातारा दोर घेऊन आला.

दत्तूच्या तीन बरगड्या मोडल्या. माधवचं एक बोट कायमचं वाकडं झालं. इस्पितळात दत्तूने विचारलं, "माधवराव, तुमी कशापायी आत आला?"

माधव म्हणाला, "तुझं मराठी अजून अर्धवट आहे म्हणून."

म्हाताऱ्याने मात्र आम्हाला चांगलंच झापलं. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, एका माणसासाठी तीन माणसं आत जातात हा शहाणपणा नाही, आज चार प्रेतं उचलावी लागली असती. आणि मग खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

कुणी रक्ताची शपथ घेतली नाही, गळाभेटी झाल्या नाहीत. ते सिनेमात होतं. नोव्हेंबरात परत आलो आणि चौघं चार दिशांना गेलो. मी राहुरीला एका शेती-फार्मवर सहायक म्हणून लागलो. रज्जाक नागापूरला, नव्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका वर्कशॉपमध्ये. माधव नगरलाच एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला लागला. दत्तू गावी गेला. त्याने दोन संकरित गायी घेतल्या आणि दुधाची सोसायटी काढायचं डोक्यात घेतलं. वर्षातून एखाददुसरी गाठ व्हायची. दत्तू पोस्टकार्ड लिहायचा. माझी कार्डं मी ठेवून द्यायचो. माधव मात्र त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून ती कार्डं पाकिटात घालून दत्तूला परत पाठवायचा. असा माणूस.

आता त्र्याहत्तरचा उन्हाळा. ज्यांनी तो दुष्काळ पाहिलाय त्यांना सांगायला नको. पाथर्डीकडे माणसं खडी फोडायला जात होती, जनावरं खाटकाला. दत्तूची विहीर चुलत भावांच्या सामायिकीतली. थोरला रंगनाथ, धाकटा सुदाम. विहिरीला दिवसातून घागरी मोजून पाणी आणि दत्तूच्या दोन गायी प्यायच्या ते पाणी एका घराला पुरलं असतं. भाऊ म्हणायचे, गायी वीक. दत्तू म्हणायचा, माझ्या पाळीचं पाणी मी गायींना पाजीन नाहीतर डोक्यावर ओतीन. मी त्या भावांना राक्षस म्हणणार नाही. रंगनाथची तान्ही मुलगी त्या मार्चमध्ये जुलाबाने गेली होती. गढूळ पाण्यानेच गेली असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

माधव मला नगरला भेटला तेव्हा हे त्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "गाढव आहे तो. डेन्मार्कमध्ये पाऊस पडतो एवढं साधं त्याच्या डोक्यात शिरलं नाही." आणि विषय बदलला.

एप्रिलमधला शुक्रवार. मी राहुरीच्या फार्मवर, कालव्याच्या बाजूच्या प्लॉटमध्ये उभा होतो. अकरा वाजून गेले असतील, कारण बायकांची न्याहारी उरकून त्या पुन्हा कामाला लागल्या होत्या. माझ्या सर्वांत जवळ सखूबाई, तीही वीस पावलांवर. वर आकाश कोरडं, झाड नाही, तार नाही. काहीच नाही.

मला एकदम जाणवलं की वरून काहीतरी येतंय. दिसलं नाही, ऐकू आलं नाही. जाणवलं. मी डावा हात डोक्यावर धरला. आणि कट्ट... ओलं लाकूड मोडावं तसा आवाज माझ्याच हातातून आला. मनगट आणि कोपर यांच्या मधे हात वाकडा झाला. मी गुडघ्यावर बसलो.

सखूबाई धावत आली. "अवो भाऊसाहेब! काय झालं? कुनी मारलं?" तिने आधी आजूबाजूला पाहिलं, मग वर पाहिलं. मग दोन पावलं मागे सरकली. ती घाबरलेली नजर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

माझ्या तोंडून पहिला शब्द काय गेला असेल? आई नाही, येशू नाही. "दत्तू."

का, ते विचारू नका. मला कुणी सांगितलं नाही, डोळ्यांपुढे चित्रबित्र आलं नाही. स्वतःचं नाव माहीत असतं तसं माहीत होतं, की दत्तूला मारतायत. फार्मच्या दवाखान्यात कंपाउंडरने दोन फळ्या लावून हात बांधला. म्हणाला, "काठीचा घाव आहे साहेब, पोलीस केस होईल." मी सरळ नगरची एसटी धरली.

नगरच्या स्टँडवर पाथर्डीच्या गाडीच्या फलाटाला रज्जाक बसला होता. कमरेत वाकलेला, तोंडाला रुमाल, रुमालावर रक्त.

मी त्याच्याशेजारी बसलो. त्याने माझ्या फळ्यांकडे पाहिलं.

"कधी?" त्याने विचारलं.

"अकरानंतर. तू?"

"तेव्हाच. लेथवर होतो. पाठीत दोनदा बसली, सुमंत. पहिल्या वेळी मी वाकलो म्हणून पाठीत. मागं भिंत होती रे. नुसती भिंत. सगळे हसायला लागले, वाटलं मी नाटक करतोय. मग मी रक्त थुंकलो."

"दत्तू," मी म्हणालो.

"दत्तूच."

एवढंच. हे कसं, काय, असं आम्ही एकमेकांना विचारलंसुद्धा नाही. जो विचार करायचा तो नंतरच्या पन्नास वर्षांत केला. त्या वेळी आमच्या डोक्यात एकच होतं — माधव कुठाय? त्याची शाळा स्टँडपासून दहा मिनिटांवर. उन्हाळ्याची सकाळची शाळा, म्हणजे तो मोकळा असणार. आम्ही एक गाडी सोडली त्याच्यासाठी. तो आला नाही. दुसरी गाडी लागली तरी नाही.

"येणार नाही तो," रज्जाक म्हणाला. "घरी वरणभात खात बसला असेल."

मी जे म्हणालो ते लिहीत नाही. माधवच्या जातीवरून बोललो, ते आयुष्यात एकदाच आणि तेही त्या दिवशी. पाथर्डीपर्यंत आम्ही दोघांनी माधवला शिव्या घातल्या. वेदना विसरायला तेवढंच होतं.

पाथर्डीहून एका पाण्याच्या टँकरवाल्याने आम्हाला गावाच्या फाट्यावर सोडलं. चार वाजून गेले होते. गाव रिकामं, सगळे खडीवर. दत्तूची बायको कौसा दारात उभी होती, पाच महिन्यांची पोटुशी.

"ते नगरला गेले न्हवं? रंगनाथ भावजी म्हनले, तुमच्याकडंच गेलेत." मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं, रज्जाकच्या शर्टाकडे गेलं आणि तिने दाराची चौकट धरली.

"विहीर कुठाय?" रज्जाकने विचारलं.

विहिरीपर्यंत पोचायच्या आधीच आवाज ऐकू आला. दगड पडल्याचा. थोडं थांबून पुन्हा एक.

सुदाम विहिरीच्या काठावर उभा होता. घामाने भिजलेला. बाजूच्या बांधावरून दगड आणायचा, दोन्ही हातांनी उचलायचा आणि आत टाकायचा. आतून कण्हणं येत होतं. तो आमच्याकडे पाठ करून होता आणि दर दगडाला काहीतरी पुटपुटत होता — "मर की... आरं मर की..." शिवी दिल्यासारखं नाही, विनवणी केल्यासारखं.

रज्जाकने मागून त्याला मिठी मारली. मोडक्या बरगड्यांनी. दोघं खाली पडले. सुदाम त्याच्या बरगड्यांतच कोपर मारत होता आणि रज्जाकच्या तोंडातून फेसासारखं रक्त येत होतं, पण हात सुटत नव्हते. मी जवळचा एक धोंडा उजव्या हाताने उचलला आणि सुदामच्या कानशिलावर घातला. तो ढिला पडला. रज्जाक बाजूला झाला. आणि मी पुन्हा धोंडा उचलला.

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तो माणूस डोळे मिटून पडला होता, प्रतिकार संपला होता, आणि मला त्याचं डोकं फोडायचं होतं. राग नव्हता. एखादं काम अर्धवट राहिलंय ते संपवावं, तसं वाटत होतं. मी धोंडा डोक्याच्या वर नेला.

"हाना. हाना की. बगू मरतंय का."

लिंबाखाली रंगनाथ बसला होता. तिथे तो आहे हे आम्ही पाहिलंच नव्हतं. पुढ्यात कुऱ्हाड. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवलेले.

"म्या डोस्क्यात घातली त्याच्या," तो म्हणाला. आमच्याशी नाही, कुऱ्हाडीशी बोलल्यासारखा. "कुऱ्हाड उलटी धरून, दोनी हातांनी. आवाज आला. हाड फुटल्याचा आवाज मला ठावं हाय, म्या बैल सोललेत. अन् त्यो उबाच. डोस्क्याला कायबी न्हाई. रगत न्हाई, टेंगूळ न्हाई. माज्याकडं बगतोय. हातावर मारली, हात तसाच. पाठीत मारली दोनदा. पायावर मारली तवा पडला, तवा ढकलला. मेला वाटलं, पर दुपारनंतर आतनं कन्हाया लागला. मरत न्हाई त्यो. मानूस न्हाई त्यो."

माझ्या हातातला धोंडा खाली आला. माझ्या पायाशी पडला, सुदामच्या डोक्यावर नाही. मी काही शहाणपणाने थांबलो नाही. रंगनाथ एकेक घाव सांगत होता आणि माझ्या फळ्यांतला हात ठणकायला लागला होता, म्हणून सुटला तो.

कौसाच्या ओरडण्याने खडीवरची माणसं धावत आली. बाज दोरांनी बांधून आत सोडली. दत्तू वर आला तेव्हा चिखलाने माखलेला होता. मांडीचं हाड मोडलेलं, पडल्याने खांदा निखळलेला, दगडांनी अंग सोललेलं. पण डोकं... मी स्वतः ओल्या फडक्याने त्याचं डोकं पुसलं. केसांखाली बोटं फिरवली. काही नव्हतं. रंगनाथ खरोखर हात जोडून उभा होता आणि लोक त्याला मारत होते, तो स्वतःला वाचवायचाही प्रयत्न करत नव्हता.

खडीच्या कामावरच्या जीपमध्ये नगरला येताना दत्तू शुद्धीवर आला. त्याने आमच्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे, रज्जाककडे. म्हणाला, "कुऱ्हाड बसत हुती रं. पर लागंना. कुनीतरी मधी येत हुतं." मग विचारलं, "माधवराव कुटं हाय?"

"येईल उद्या," रज्जाक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हात प्लॅस्टरमध्ये घालून घेतल्यावर, मी माधवच्या शाळेत गेलो. भांडायला गेलो होतो. काय काय बोलायचं ते रस्त्याने ठरवत होतो. शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. फळ्यावर खडूने लिहिलेलं — आमचे शिक्षक श्री. माधव कुलकर्णी यांचे काल आकस्मिक निधन झाल्याने शाळा बंद राहील.

मुख्याध्यापकांचं घर विचारत मी निघालो.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला, नववीच्या वर्गात, शिकवता शिकवता माधव कोसळला. इस्पितळात नेईपर्यंत संपला होता. कवटीला वरून तडा गेला होता. बाहेर जखम नाही. मुख्याध्यापकांनी सांगितलं, चक्कर आली असेल, पडताना डोकं प्लॅटफॉर्मच्या काठावर आपटलं असेल. डॉक्टरांनीही तेच लिहिलं. माझ्याशी बोलताना मात्र ते म्हणाले, "प्लॅटफॉर्म सहा इंच उंच आहे हो. टाळू आपटायला माणसाला उलटं पडावं लागेल."

केस चालली. रंगनाथने पोलिसांपुढे आणि कोर्टापुढे तेच पाच घाव सांगितले — डोक्यात एक, हातावर एक, पाठीत दोन, पायावर एक. दत्तूच्या अंगावर पायाचा एकच सापडला. बाकी पडल्याचं आणि दगडांचं. वकिलांनी त्याला वेडा ठरवायचा प्रयत्न केला. दोघं भाऊ तुरुंगात गेले, रंगनाथ तिथेच वारला. माझ्या हाताचा एक्स-रे आणि रज्जाकचे इस्पितळाचे कागद कुणी मागितले नाहीत, आम्हीही दाखवले नाहीत. काय सांगणार होतो जजला?

दत्तूला माधवबद्दल पंधरा दिवसांनी सांगितलं.  बरा झाल्यावर त्याने गायी विकल्या नाहीत, दोन्ही गायी माधवच्या आईच्या दारात नेऊन बांधल्या आणि म्हातारीने परत पाठवल्या. एवढंच तिने केलं. आमच्याशी ती पुढे कधी बोलली नाही. तिला कुणी काय सांगितलं असेल, की काहीच न सांगता तिला समजलं होतं, मला माहीत नाही.

हे मी आजवर लिहिलं नाही. आत्ता लिहितोय त्याला कारण आहे. चार महिन्यांपूर्वी सावेडीत एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी साठी ओलांडलेले एक गृहस्थ. बोलता बोलता निघालं की ते माधवच्या त्याच नववीच्या वर्गात होते. दुसऱ्या बाकावर.

मी विचारलं, "सर पडले कसे, आठवतं?"

ते म्हणाले, "पडले नंतर हो. आवाज आधी आला." मग हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "त्याच्याही आधीचं सांगतो. सर फळ्यावर आकृती काढत होते. मध्येच थांबले. वर बघितलं, छताकडे. आम्हीही बघितलं, काही नव्हतं. त्यांनी खडू खाली ठेवला. चष्मा काढला, काड्या मिटून टेबलावर ठेवला. सरांनी चष्मा काढला की कुणाला तरी बदडायचे, म्हणून आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. पण ते कुणाकडे आलेच नाहीत. तसेच उभे राहिले. हात खाली सोडून. मान ताठ."

मी हात वर केला होता. रज्जाक वाकला होता.



मागच्या महिन्यात दत्तूकडे गेलो. पंचाहत्तरी गाठली त्याने, काठी घेऊन चालतो. नातवंडं आहेत, डाळिंबाची बाग आहे. ओट्यावर बसून त्याला हे जसंच्या तसं सांगितलं. चष्म्याचंही. ज्याचं दत्तूशी एक दिवस पटलं नाही, त्याच माणसाने असं का करावं, कोण निवडतं, निवडता येतं की नाही... मी रसायनं, माती, हाडं सगळं धुंडाळून झालोय, डॉक्टर मित्रांना विचारून झालोय. उत्तर नाही. मिळेल असं आता वाटतही नाही.

दत्तूने हातातली काठी ओट्याला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "सुमंत, त्याला ठावं हुतं का रं... की ज्याच्यासाठी उबा राह्यला, त्यो मीच हाय?"

मी "हो" म्हणालो.

पण मला माहीत नाही.